तेलातलं औषध

परळच्या नाक्यावरून भोईवाड्याकडे वळलं की एक जुनी पागा लागायची. तिच्या अर्ध्या भागात डॉक्टर जयवंत धुरीचा दवाखाना होता. व्हिक्टोरियाचे घोडे, कॉटन ग्रीनला कापसाच्या गाठी ओढणारे बैल, तबेल्यांतल्या म्हशी, क्वचित एखाद्या पारशीणबाईचा कुत्रा, असे त्याचे रोगी. लालबागच्या चाळीत त्याला 'ढोरांचो डॉक्टर' म्हणत, पण त्यात चेष्टेपेक्षा कौतुकच जास्त असे. वडील अप्पा धुरी जन्मभर गिरणीत साच्यावर उभे राहिलेले. त्यांचा मुलगा शिकून डॉक्टर झाला, तो माणसांचा झाला की जनावरांचा, याची चौकशी करत बसायला चाळीत कुणाला सवड नव्हती.

शहजादीशी त्याची गाठ पडली ती छप्पन सालच्या जानेवारीत.

शहजादी ही एक सांडणी. मूळची मारवाडातली, पण सर्कसच्या पाट्यांवर तिला अरबस्तानची करून टाकलं होतं. लालबागच्या मैदानात ती सर्कस शेवटची उतरली आणि तिथेच मोडली. मालकाने कामगारांचे पगार भागवायला जनावरंच वाटून टाकली, आणि बारा वर्षं शहजादीचं दाणापाणी करणाऱ्या कोंडीरामच्या वाट्याला शहजादी आली. तेव्हापासून कोंडीराम तिला गिरगावच्या चौपाटीवर न्यायचा, पोरांना पाठीवर बसवून फिरवायचा. फेरी संपली की शहजादी गुडघे टेकायची, लांब मान वाळूपर्यंत खाली घालायची आणि सलाम करायची. चौपाटीवर आणखीही दोन उंट होते, पण पोरं हट्ट धरायची ती सलामवाल्या उंटाचाच. कोंडीराम, त्याची बायको सुंदराबाई आणि शहजादी असे तिघं भायखळ्याला भाजीबाजाराच्या मागे एका पत्र्याच्या शेडमध्ये राहत. शेडचा मोठा भाग शहजादीचा, उरलेला नवराबायकोचा.

त्या जानेवारीत मुंबई केंद्राकडे जाणार म्हणून जाहीर झालं आणि गिरणगाव पेटला. दगड, सोडावॉटरच्या बाटल्या, अश्रुधूर, मग गोळीबार, मग संचारबंदी. संचारबंदी थोडी सैल झाली त्या दिवशी कोंडीराम शहजादीला भायखळ्याच्या रस्त्याने पाण्यावर घेऊन निघाला. रस्ताभर फुटलेल्या बाटल्यांच्या काचांचा सडा होता. उंटाला खूर नसतो, पाय गादीसारखा असतो. बाटलीच्या गळ्याचा एक तुकडा पुढच्या उजव्या पायात असा घुसला की वरून नुसती चीर दिसावी.

जयवंतला बोलावलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि शहजादी तापाने डोळे मिटून बसली होती. जयवंतने चिमट्याने काच काढली, पू काढला, पाय धुऊन बांधला आणि पेनिसिलिन सुरू केलं. साधं, पाण्यातलं पेनिसिलिन. ते अंगात फार वेळ टिकत नाही, म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा टोचायला जावं लागे. तो मनापासून जात होता. ताप उतरायला लागला होता. आणखी आठवडाभर असंच चाललं असतं, तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं.

पण लालबागमधून सत्याग्रहींच्या तुकड्या निघत होत्या. मनाई हुकूम मोडायचा, घोषणा द्यायच्या, पोलिसांच्या गाडीत बसायचं आणि शिक्षा भोगून परत यायचं. जयवंतचा शाळेपासूनचा मित्र दौलत या तुकड्या जुळवायचा. दौलत गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता आणि त्याच्या पुतण्याला गोळी लागून त्याचा पाय कापावा लागला होता. जयवंतने दोनदा 'पुढच्या तुकडीत येतो' म्हणून अंग काढून घेतलं होतं. दुसऱ्या वेळी चाळीच्या जिन्यात दौलत सगळ्यांदेखत म्हणाला, "राहू दे रे डॉक्टर. तुझी म्हैस व्यायची असेल."

सगळे हसले. जयवंतही हसला, पण ते त्याला लागलं. त्याला जायचं नव्हतं असं नाही. मुंबई आपली आहे हे त्याला अगदी पोटातून वाटत होतं. पण तुरुंगाचं नाव काढलं की पाय गार पडायचे. हे दौलतला कळलंय की काय, अशी धास्ती वाटून त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं, "उद्याच्या तुकडीत मी आहे. नाव लिही."

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास तुकडी निघायची होती. सकाळी तो बॅग घेऊन भायखळ्याला गेला.

बॅगेत एक नवीन बाटली होती. तेलातलं पेनिसिलिन. हे औषध स्नायूत टोचलं की तिथेच गोळा होऊन बसतं आणि हळूहळू रक्तात झिरपत राहतं. रोज दोनदा टोचायची गरज नाही, एकदा टोचलं की दिवसचे दिवस पुरतं. जयवंतने ते दोन घोड्यांना दिलं होतं आणि दोन्ही घोडे बरे झाले होते. उंटाला कधी दिलं नव्हतं. त्याच्या कॉलेजच्या पुस्तकात उंटाबद्दल जेमतेम पानभर मजकूर होता, आणि त्यात या औषधाचा उल्लेख असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण पुस्तक औषधापेक्षा जुनं होतं.

रात्रभर त्याने मनाशी हिशेब केला होता तो एवढाच, की हे औषध दिलं तर मला जाता येईल.

थंडीची सकाळ होती. तेल एरंडेलासारखं घट्ट झालं होतं. बाटली गरम पाण्यात ठेवून औषध पातळ करून घ्यायला हवं होतं. मानेवरचे केस कापून कातडं स्पिरिटने स्वच्छ पुसायला हवं होतं. आणि एवढं औषध एका जागी न घालता तीन ठिकाणी वाटून द्यायला हवं होतं. घोड्यांच्या वेळी त्याने हे सगळं केलं होतं. त्या दिवशी बाटली नुसती तळहातात चोळली, केसांवरूनच बोळा फिरवला आणि जाड सुई मानेत खुपसून सगळं औषध एकाच जागी रेटलं. रेटता रेटता त्याचा अंगठा पांढरा पडला. शहजादी अशी ओरडली की बाजारातले हमाल शेडच्या दाराशी जमले.

तिचं डोकं धरून उभा असलेला कोंडीराम म्हणाला, "डॉक्टर, हे रोजच्यासारखं नाय वाटत."

"नवीन आहे. चांगलं आहे. रोज टोचायला नको."

"याचा काय त्रास नाय ना?"

"घोड्यांना दिलंय मी."

"आणि उंटाला?"

"उंटालाही चालतं," जयवंत म्हणाला. क्षणभरही न थांबता म्हणाला.

बॅग बंद करून तो निघाला तेव्हा सुंदराबाई पाटीतली कोबीची पानं निवडत होती. तिने विचारलं, "संध्याकाळी येताय ना?"

"संध्याकाळी गरज नाही. परवा येतो. तोवर दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका, औषध आत आहे." आणि कोंडीरामकडे वळून, "काय रे, कळलं ना?"

"कळलं," कोंडीराम म्हणाला.

आता यात खोटं बोलायची गरज होती का? नव्हती. 'मी सत्याग्रहाला जातोय, तीन आठवडे नसेन, काही झालं तर अमक्या डॉक्टरकडे जा,' एवढं सांगायला किती वेळ लागला असता? पण तसं सांगितलं असतं तर कोंडीरामने विचारलं असतं, मग हे औषध आजच का दिलंत? आणि त्या प्रश्नाला तोंड द्यायची जयवंतची तयारी नव्हती. झपाझप चालत तो लालबागला पोचला.

घरी त्याची बायको नलू डबा भरत होती. ती म्हणाली, "जेलात डबा नेऊ देतात की नाही कोण जाणे. दवाखान्याला कुलूप घातलंत?"

"घातलं."

"आणि ज्यांची जनावरं तुमच्या हाताखाली आहेत त्यांना सांगितलंत?"

"सांगितलं सगळ्यांना."

बाराला तुकडी निघाली. अप्पा जिन्याच्या पायरीवर येऊन उभे राहिले. जयवंतच्या कपाळाला गुलाल होता आणि गळा घोषणांनी बसला होता. त्या गडबडीत त्याला शहजादी आठवली नाही, हे खरं आहे.

आठवली ती ठाण्याच्या तुरुंगात, तिसऱ्या दिवशी सकाळी. चहाच्या रांगेत उभा असताना त्याच्या मनात आलं, आज परवा.

त्यानंतर मात्र तो विचार त्याला सोडीना. बराकीत भाषणं व्हायची, कुणी कीर्तनासारखं आख्यान लावायचा, दौलत नकला करून सगळ्यांना लोळवायचा. जयवंत टाळ्या वाजवायचा आणि मनात तेल घोळवत बसायचा. घोड्याच्या मानेत ते किती दिवसांत विरघळलं होतं? उंटाच्या मानेत तेवढ्याच दिवसांत विरघळेल का? जे जनावर पाण्याचा थेंबही अंगातून लवकर सोडत नाही, ते औषध तरी लवकर सोडेल का? की ते तिथेच साचून राहील? आणि केसांवरची घाण सुईबरोबर आत गेली असेल तर? अशा प्रश्नांची उत्तरं फक्त शेडमध्ये उभं राहून, मानेला हात लावून मिळाली असती.

पहिल्या भेटीच्या दिवशी नलू आली. जाळीपलीकडून तिने अप्पांचा खोकला, पाण्याची वेळ, शेजारच्या शैलाचं ठरलेलं लग्न असं सगळं सांगितलं आणि मग म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचंय? कुणाला काही निरोप?"

निरोप त्याच्या ओठांवर होता. भायखळ्याला जा, बाजाराच्या मागे, उंट बघ, मानेवर गाठ दिसली तर जनावरांच्या हॉस्पिटलात न्यायला सांग. चार वाक्यांचं काम. पण नलू लगेच म्हणाली असती, तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं होतंत. बाजूला दौलत उभा होता, चाळीतले चारजण उभे होते.

"काही नाही," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे."

नलू गेली आणि तो बराकीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पहिलं खोटं घाईतलं होतं, असं तो मनाला समजावू शकत होता. आताच्या या गप्प बसण्याला घाईचं निमित्तही नव्हतं.

तो सुटला त्या दिवशी लालबागमध्ये तुकडीची मिरवणूक निघाली. बायकांनी खिडक्यांतून फुलं टाकली. संध्याकाळी गणपतीच्या मंडपाच्या जागेवर सत्कार झाला, शाल आणि नारळ मिळाला. अप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर बसले होते. घरी आल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "बरा केलंस, झिला. माझो जल्म साच्यार गेलो, पण आज चाळीत मान गावलो."

जयवंतने शाल खुंटीला लावली. नलू पाण्याचा तांब्या देत म्हणाली, "अहो, एक माणूस येऊन गेला. तुम्ही गेल्यावर पाचसहा दिवसांनी. उंटवाला म्हणाला. दवाखान्याला कुलूप बघून, विचारत विचारत इथवर आला होता."

"काय म्हणाला?"

"काहीच नाही. डॉक्टर आहेत का, म्हणाला. मी सांगितलं, सत्याग्रहात गेलेत, तुरुंगात आहेत. तर दारातच हात जोडले त्याने. काही काम होतं का विचारलं, तर म्हणाला, नाय बाई, काय नाय, आणि गेला." नलू त्याच्याकडे बघत राहिली. "तुम्ही म्हणाला होतात, सगळ्यांना सांगितलंय."

"त्याला सांगायचं राहिलं," जयवंत म्हणाला. राहिलं नव्हतं. पण तेही त्याला धड सांगता आलं नाही.

सकाळी तो उजाडताच भायखळ्याला गेला. शेडच्या बाहेर त्याला आधी सुंदराबाई दिसली. ती एका पालथ्या पिंपावर उभी होती आणि दोन्ही हातांनी पाटी वर धरून शहजादीला पाला खाऊ घालत होती. शहजादी उभी होती, मान ताठ, एका बाजूला किंचित वळलेली, एखाद्या खांबासारखी. खाली वाळलेला कडबा तसाच पडला होता. तिच्या तोंडाला तो पोचत नव्हता, कारण मान खाली येत नव्हती.

कोंडीराम बादली घेऊन मागून आला. "जय भीम डॉक्टर! सुटलात?" त्याचा चेहरा खुलला होता. "सुंदरा, उतर, डॉक्टर आलेत. आधी पाय बघा, डॉक्टर, पाय बघा."

त्याने वाकून शहजादीचा पाय उचलून दाखवला. जखम भरली होती. सूज नव्हती, ताप नव्हता. तेलातल्या औषधाने पायाचं काम चोख केलं होतं.

"गुणाचं औषध," कोंडीराम म्हणाला. "फक्त मानेला जरा त्रास झाला."

जयवंत पलीकडच्या बाजूला गेला. जिथे त्याने सुई घातली होती तिथे नारळाएवढी गाठ होती, टणक, आणि तिच्या टोकाला फुटून वाहणारी जखम. वास येत होता. त्याने हात पुढे केला मात्र, शहजादीने दात विचकले आणि अशी मागे सरली की पत्र्याची भिंत वाजली.

"चौथ्या दिवशी गाठ वर आली," कोंडीराम सांगत होता. "मग मान वळेना. मग खाली होईना. चौपाटीवरचा मारवाडी म्हणाला, डाग देतो, तापल्या सळईने. मी म्हटलं नाय. डॉक्टरांनी सांगितलंय, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाय. हॉस्पिटलात न्यायचं सुंदरा म्हणत होती, तिलाही नाय म्हटलं. तुमच्या घरी गेलो तर कळलं तुम्ही आत. तिकडं तुम्ही लोकांसाठी जेलात बसलात, आणि मी उंटाचं गाऱ्हाणं काय सांगायचं? आम्ही दोघं आळीपाळीने वर धरून खाऊ घालतो. पाणी डब्याने पाजतो. जगली."

जयवंतने बॅग उघडली. त्याने बाह्या सारल्या. कोंडीरामने दोरीने पाय बांधून तिला बसवलं, सुंदराबाईने तोंड धरलं, आणि जयवंतने गाठ कापून उघडली. पू आला आणि पुवाबरोबर तेलाचे पिवळट थेंब आले. तीन आठवड्यांनंतरही ते तेल तिथे होतं. शहजादी ओरडत राहिली. त्याने आतवर बोटं घालून सगळं धुऊन काढलं, बोळा भरला आणि दोन हात अंतरावर जाऊन उभा राहिला. कोंडीराम म्हणाला, "वाळलात, डॉक्टर. जेलात जेवण धड मिळालं नाय वाटतं."

त्यानंतर तो रोज गेला. सकाळी दवाखाना उघडायच्या आधी जखम धुवायची, बोळा बदलायचा. रोज मनाशी ठरवून जायचा की आज सांगायचं, आणि रोज कोंडीराम त्याच्याआधी काहीतरी चांगलं बोलून जायचा. चौपाटीवर त्याने सगळ्यांना सांगितलं होतं की आपले डॉक्टर जेल भोगून आले आणि दुसऱ्या दिवशी आधी आपल्या उंटाकडे आले. हे ऐकून जयवंतला जमीन दुभंगावी असं व्हायचं. घरी नलू विचारायची, बरी आहे का हो सांडणी? तो नुसता हं म्हणायचा.

मग एका रविवारी तो गेला तर शेडच्या बाहेर बाजारातले पाचसहा हमाल आणि भाजीवाल्या उभ्या. कोंडीरामने धुतलेला सदरा घातला होता. त्याच्या हातात झेंडूचा भरगच्च हार होता.

"डॉक्टर, तुमच्या लालबागला तुमचा सत्कार झाला म्हणतात. आमच्या बाजाराचाही घ्या."

तो हार घेऊन पुढे आला. जयवंतने त्याचे दोन्ही हात धरून अडवले.

"कोंडीराम, थांब. नको."

"काय झालं?"

"परवा येतो म्हणालो ना मी, ते खोटं होतं. त्याच दिवशी दुपारी मी आत जाणार होतो. मला ठाऊक होतं."

कोंडीरामला नीट कळलं नाही. तो हसायच्या बेतात होता. "म्हणजे पकडलं ना तुम्हाला..."

"पकडलं नाही. ठरवून गेलो. आदल्या दिवशी नाव दिलं होतं. रोज टोचायला यायला लागू नये म्हणून ते तेलाचं औषध दिलं. उंटाला मी ते कधी दिलेलं नव्हतं. कसं मानवेल ते ठाऊक नव्हतं. मला घाई होती म्हणून गार तेल एकाच जागी घातलं, केस कापले नाहीत, पुसलं नाही धड. ही मान माझ्यामुळे गेली."

भाजीवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. एक हमाल हळूच बाजूला झाला. कोंडीराम हार हातात धरून तसाच उभा होता. बोलली ती सुंदराबाई.

"परवा येतो म्हणालात तेव्हा ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"आणि कुणाला हात लावू देऊ नका म्हणालात, तेही हे ठाऊक असूनच."

"हो."

"का? आम्ही काय अडवलं असतं तुम्हाला?"

जयवंतने कोंडीरामचे हात सोडले.

"माझा भाऊ रामदास," सुंदराबाई म्हणाली, "वरळीच्या तुकडीतून गेला. आमच्या निळ्या झेंड्याची पुष्कळ पोरं गेली. जाताना गल्लीत घरोघरी सांगून गेला. आईला दवाखान्यात कोण नेईल, नळावर त्याची पाळी कोण धरेल, सगळं लावून गेला. तुम्ही सांगितलं असतं, मी चाललोय, तर ह्यांनी तुम्हाला नाक्यापर्यंत सोडलं असतं. आणि उंटाला हॉस्पिटलात नेलं असतं. पण तुम्हाला वाटलं, ह्या लोकांना काय सांगायचं. ह्यांचं आणि ह्या लढ्याचं काय घेणंदेणं."

"तसं नाही, बाई..." म्हणता म्हणता तो थांबला, कारण तसंच होतं. लालबागमध्ये त्याने चाळीतल्या प्रत्येकाचा निरोप घेतला होता. अगदी पानवाल्याचाही.

सुंदराबाईने नवऱ्याच्या हातातून हार काढून घेतला, पिंपावर चढली आणि तो शहजादीच्या तोंडापुढे धरला. शहजादीने आधी एक फूल ओढलं, मग हार दोऱ्यासकट ओढायला लागली. सुंदराबाई दोरा सोडवून फुलं देत राहिली. जमलेले लोक पांगले.

मग कोंडीराम बोलला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जयवंतला सहन होईना.

"मान खाली येईल का, डॉक्टर?"

"माहीत नाही."

"सलाम करेल?"

"मला खरंच माहीत नाही, कोंडीराम. हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांना मी आजच विचारतो. काय केलं ते सगळं सांगून विचारतो. तुम्हाला दुसऱ्या कुणाकडे न्यायची असेल तर न्या. मी बरोबर येईन, नको म्हणालात तर येणार नाही."

आजवर तो कोंडीरामला अरेतुरे करत आला होता. 'तुम्हाला' कसं तोंडातून आलं ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो हॉस्पिटलात गेला. तिथल्या म्हाताऱ्या सर्जनने सगळं ऐकून घेतलं, चार कडक शब्द सुनावले आणि मग येऊन शहजादीला तपासलंही. आणखी एकदा कापावं लागलं. नंतर शेक, तेलाचं चोळणं आणि रोज थोडी थोडी मान खाली ओढण्याचा व्यायाम. खायचं भांडं दर आठवड्याला एक वीट खाली आणायचं. हे सगळं कोंडीराम करायचा. जयवंत जखमेपुरता जायचा. कोंडीराम आता त्याच्याशी कामापुरतं बोलायचा आणि जय भीमही हळू म्हणायचा. शहजादी तर जयवंत दारात दिसला की उठून उभीच राहायची. तिचं तोंड बांधल्याशिवाय त्याला जवळ जाता येत नसे.

त्याच आठवड्यात त्याने नलूलाही सगळं सांगितलं. नलू भाकरी थापत होती. ऐकताना तिचे हात थांबले. "घाईत चुकलं ते एक समजू शकते मी," ती म्हणाली. "पण मी जाळीपलीकडे उभी होते. एवढं बघून ये, असं मला सांगितलं नाहीत. मी गेले असते हो." तिने पुन्हा पीठ उचललं. "अप्पांना सांगू नका. त्यांना सोसायचं नाही."

त्याने अप्पांना सांगितलं नाही. अप्पा येईल त्याला शाल दाखवत राहिले आणि जयवंत तिथून उठून जात राहिला. दौलतला मात्र सांगितलं. दौलत आधी हसला, मग त्याचा चेहरा बघून म्हणाला, "एक दिवस थांबला असतास तरी चाललं असतं रे. तुझ्यावाचून तुकडी अडली नव्हती."

उन्हाळ्यात जखम बुजली. तिच्या जागी मुठीएवढा टणक गोळा राहिला, तो कधीच विरघळला नाही. मान गुडघ्याच्या उंचीपर्यंत यायला लागली. कडब्याचा भारा थोडा उंचावर ठेवला की शहजादी आपलं आपण खायची. वाळूपर्यंत मात्र मान पोचली नाही. कोंडीराम तिला पुन्हा चौपाटीवर नेऊ लागला. जयवंत एका संध्याकाळी लांबून बघून आला. एक पोरगी फेरी झाल्यावर उतरली आणि आईचा पदर ओढून म्हणाली, सलाम कधी करणार? शहजादीने गुडघे टेकले, मान पुढे केली आणि ती मध्येच अडकली. कोंडीरामने हसून तिच्याऐवजी स्वतः हात कपाळाला लावला. पोरगी हिरमुसली. जयवंत वाळूतून मागच्या मागे निघून गेला.

मुंबईचा पाऊस उंटाला सोसत नाही, म्हणून कोंडीराम दरवर्षी जूनच्या आधी शहजादीला घेऊन घाटावर, सुंदराबाईच्या माहेरी जायचा. निघायच्या दिवशी सकाळी जयवंत शेडवर गेला. बोलावलं नव्हतं कुणी. दोन बोचकी शहजादीच्या पाठीवर बांधली होती आणि सुंदराबाई शेडचं दार तारेने बंद करत होती.

"तिकडे जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं तर त्यांना सांगा," जयवंत म्हणाला, "हिला तेलातलं औषध एका जागी जास्त सोसलं नाही. मानेत तर नकोच. मुंबईच्या धुरी डॉक्टरकडून चूक झाली होती, असंही सांगा. म्हणजे ते जपून देतील."

"सांगू," सुंदराबाई म्हणाली. तार पिळता पिळता तिने विचारलं, "तुम्ही परत जाणार का जेलात? अजून मिळाली नाय ना मुंबई."

"जाईन बहुतेक. पावसानंतर."

"मग दवाखान्याच्या दारावर पाटी लावून जा. आमच्यासारखे कुलूप बघून परत फिरतात."

"लावीन."

तिने मान डोलावली. ते तिला पटलं की नुसतं ऐकून घेतलं, हे त्याला कळलं नाही. कोंडीरामने दोरी हातात घेतली, जयवंतकडे बघून एकदा हात वर केला आणि निघाला. शहजादी जवळून जाताना बुजेल म्हणून जयवंत आपणहून रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, भाजीच्या रिकाम्या हाऱ्यांमागे जाऊन उभा राहिला. बाजार भरायला लागला होता. हमाल वाट देत होते, पोरं मागे धावत होती. तिघंही परळच्या दिशेने दिसेनासे होईपर्यंत तो तिथेच होता. मग एका हमालाने हारे उचलायचे आहेत म्हणून त्याला बाजूला व्हायला सांगितलं.